जपानी नगरातील ‘चो’ : परकीय अभ्यासकाने नगर कसे वाचावे

१. प्रश्नाचे स्वरूप

जपानमधील नगरजीवनाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्यात प्रवासवर्णनांचा वाटा मोठा आहे. पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. प्रवाशाचा मुक्काम थोड्या दिवसांचा असल्यामुळे त्याच्या दृष्टीस देवालये, उद्याने, बाजार आणि आगगाड्या प्रथम पडाव्यात, हे स्वाभाविक आहे. अध्ययनासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती याहून भिन्न असते. त्याला तेथे दोन, चार, प्रसंगी सहा वर्षे राहावयाचे असते. घर भाड्याने घ्यावयाचे असते. नगराच्या दप्तरात स्वतःची नोंद करावयाची असते. प्रवाशाला नगर दिसते. विद्यार्थ्याला ते वापरावे लागते. या वापरातूनच नगराचे खरे ज्ञान संभवते. तथापि ते आपोआप होत नाही. त्यासाठी नगराची घडण कोणत्या घटकातून झाली आहे याची कल्पना असावी लागते.

हा प्रश्न मूठभर व्यक्तींपुरता राहिलेला नाही. जपान सरकारने परदेशी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीची योजना १९५४ मध्ये सुरू केली. परदेशी विद्यार्थ्यांची संख्या एक लक्षापर्यंत नेण्याचा संकल्प १९८३ मध्ये नाकासोने यांच्या मंत्रिमंडळाने केला आणि तो २००३ मध्ये सिद्धीस गेला. २००८ मध्ये तीन लक्षांचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. २०१९ मध्ये ही संख्या ३,१२,२१४ झाली. पुढे २०३३ पर्यंत चार लक्षांचे उद्दिष्ट २०२३ मध्ये जाहीर झाले. यांपैकी बहुसंख्य विद्यार्थी नगरांतच राहतात.

परकीय संस्कृती समजून घेताना पहिली अडचण शब्दांची येते, आणि तिचे एक बोधप्रद उदाहरण गोव्याशी निगडित आहे. कागोशिमाचा अंजिरो हा जपानी गृहस्थ १५४८ मध्ये गोव्यात आला व तेथील संत पॉलच्या विद्यालयात शिकला. पुढील वर्षी तो फ्रान्सिस झेवियरबरोबर जपानला परतला. ख्रिस्ती ईश्वरासाठी त्याने ‘दाइनिची’ हा शब्द सुचविला. परंतु दाइनिची म्हणजे महावैरोचन बुद्ध. ऐकणाऱ्यांना हा बौद्ध धर्माचाच एखादा पंथ वाटला, आणि अखेर झेवियरला तो शब्द सोडून मूळ लॅटिन शब्दाचा आश्रय करावा लागला. जवळचा वाटणारा प्रतिशब्द किती दूर नेऊ शकतो, हे यावरून कळते. नगराच्या अभ्यासातही असाच एक शब्द आहे. तो म्हणजे ‘चो’. प्रस्तुत लेखात या घटकाचे स्वरूप, त्याचा इतिहास आणि परकीय अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व यांचा विचार करावयाचा आहे.

२. पत्ता आणि ‘चो’

‘चो’ हे अक्षर ‘माची’ असेही वाचले जाते. त्याचे अर्थ अनेक आहेत : लहान नगर, नगरातील एक भाग, आणि नगराच्या भागातील अगदी छोटी वस्ती. मराठी वाचकाला येथे ‘पेठ’ हा शब्द आठवणे साहजिक आहे. परंतु पुण्यातील एखाद्या पेठेत शेकडो घरे आणि अनेक गल्ल्या असतात. क्योटोतील जुना चो हा बहुधा एका रस्त्याच्या दोन चौकांमधील तुकड्याएवढाच असतो. त्याला आपल्याकडील ‘आळी’ अधिक जवळची. टोकियोच्या कांदा भागात आजही काजी-चो म्हणजे लोहारांचा व कोन्या-चो म्हणजे रंगाऱ्यांचा चो ही नावे आढळतात. तांबट आळीसारख्या नावांशी त्यांचे साम्य उघड आहे. मात्र आळीला स्वतःचे दप्तर, नियम आणि सामाईक मालमत्ता असत नाही. चोला ती होती, आणि भेद नेमका येथे आहे.

नवागत विद्यार्थ्याचा चोशी पहिला परिचय पत्त्याच्या निमित्ताने होतो. जपानी पत्ता मोठ्या घटकाकडून लहानाकडे जातो : प्रांत, नगर, प्रभाग, चो, नंतर क्रमांक, आणि शेवटी व्यक्तीचे नाव. यात रस्त्याला स्थान नाही. बहुतेक रस्त्यांना नावेच नसतात. घराचा पत्ता म्हणजे रेषेवरील बिंदू नसून क्षेत्राच्या पोटातील क्षेत्र होय. आधी चो, त्याचा अनुक्रमाने पडलेला विभाग म्हणजे ‘चोमे’, त्यातील गट, आणि गटातील इमारत असा हा क्रम आहे. रस्ता हा दोन क्षेत्रांमधील मोकळी जागा ठरतो.

या पद्धतीतील प्रसिद्ध गोंधळाचे कारण ऐतिहासिक आहे. मेइजी काळात १८७३ पासून जमीन महसुलाची पुनर्रचना झाली आणि जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक देण्यात आला. हाच क्रमांक पुढे पत्ता म्हणून वापरात आला. तुकड्यांची विभागणी आणि एकत्रीकरण होत गेले तसतसे क्रमांक विस्कळीत झाले. शेजारी शेजारी असलेल्या घरांचे क्रमांक परस्परांपासून दूरचे झाले. ही अडचण दूर करण्यासाठी १९६२ मध्ये निवास-निर्देशनाचा कायदा करण्यात आला. त्यानुसार प्रत्येक गटाला क्रमांक मिळाला व गटाभोवती साधारणतः घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत इमारतींना क्रमांक देण्यात आले.

टपालाची सोय झाली खरी. परंतु त्यासाठी अनेक लहान चो एकत्र करून त्यांना नवी, पुष्कळदा दिशावाचक नावे देण्यात आली, आणि शेकडो जुनी नावे नकाशावरून नाहीशी झाली. नावाबरोबर आपला इतिहास पुसला जातो अशी भावना रहिवाशांत होती, हे पुढील घडामोडींवरून दिसते. कानाझावा नगराने १९९९ मध्ये काझुए-माची हे जुने नाव विधिपूर्वक पुनः प्रचारात आणले आणि त्यानंतर आणखी काही नावे तेथे परत आली. टोकियोतील उशिगोमे भागात मात्र अनेक छोटे चो आपल्या नावांसह टिकून राहिले आहेत. नकाशा वाचताना एखाद्या भागात नावे दाट आहेत की विरळ, यावरून त्या भागातील १९६२ नंतरच्या इतिहासाचा अंदाज करता येतो.

३. क्योटो : रस्त्याच्या दोन बाजूंचा संसार

क्योटो नगराने १९६२ च्या कायद्याची पद्धत स्वीकारली नाही. तेथील पत्त्यात रस्त्यांची नावे येतात, पण तीही क्षेत्राकडे नेणारी वाट म्हणून. नगरपालिकेचा पत्ता पाहावा : तेरामाची रस्त्यावर, ओइके रस्त्याच्या चौकापासून वर, कामिहोन्नोजिमाए-चो, क्रमांक ४८८. ‘वर’ म्हणजे उत्तरेकडे आणि ‘खाली’ म्हणजे दक्षिणेकडे. राजप्रासाद उत्तरेस होता, म्हणून उत्तर ही वरची दिशा.

या पत्त्यात नगराच्या इतिहासाचे अनेक थर सापडतात. ७९४ मध्ये हेइआन-क्यो ही राजधानी चीनमधील चांग-आनच्या नमुन्यावर चौकटीच्या आखणीने वसविण्यात आली. तो पहिला थर होय. या आखणीत चौकोनी भूखंड हा घटक होता आणि तो वरून ठरविलेला होता. ओनिनच्या यादवीत, म्हणजे १४६७ ते १४७७ या काळात, नगराचा बराच भाग जळाला. राजसत्ता दुबळी झाल्यामुळे संरक्षणाचा भार नगरवासीयांवर येऊन पडला. अशा स्थितीत भूखंडाऐवजी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर राहणाऱ्या घरांचा संघ महत्त्वाचा ठरला. त्याला ‘द्विपार्श्व चो’ असे म्हणता येईल. चोच्या तोंडाशी दरवाजे असत आणि रात्री ते बंद होत. १५९० च्या सुमारास तोयोतोमी हिदेयोशी याने मधून नवे रस्ते काढून भूखंड लांबट केले आणि देवालये पूर्वेकडील एका रस्त्यावर हलविली. ‘तेरामाची’ म्हणजे देवालयांची माची, हे नाव त्याचेच स्मारक आहे.

चोचे स्वतःचे नियमपत्र असे. घर कोणाला विकावे, भाडेकरू कोणाला ठेवावे, कोणते व्यवसाय चोमध्ये नसावेत, नव्याने येणाऱ्याने चोला किती द्रव्य द्यावे, यांविषयी त्यात कलमे आढळतात. घर व्यक्तीचे असले तरी ते कोणाच्या हाती जावे याबद्दल शेजाऱ्यांचा शब्द चाले. बाहेरच्या माणसाविषयीची ही सावधगिरी आणि एकदा प्रवेश मिळाल्यावर त्याच्यावर येणारी कर्तव्ये, ही दोन्ही चोची जुनी लक्षणे आहेत. आजच्या परकीय भाडेकरूला जामीनदार मागितला जातो तेव्हा त्यामागे घरमालकाचा व्यापारी हिशेब असतोच. परंतु शेजाराची संमती हा विचार जपानी नगरात नवा नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

चोचे सामर्थ्य दोन गोष्टींत विशेष दिसते. पहिली गोष्ट शाळा. देशव्यापी शिक्षणाचा हुकूम १८७२ मध्ये निघाला. परंतु त्यापूर्वीच, १८६९ मध्ये, क्योटोच्या नागरिकांनी चोंचे गट करून ६४ प्राथमिक शाळा उभ्या केल्या होत्या. राजधानी टोकियोला गेल्यामुळे नगराला उतरती कळा लागेल अशी भीती त्या वेळी होती, आणि तिला नगरवासीयांनी दिलेले उत्तर शाळांच्या रूपाने आले. या इमारतींत गटाच्या सभाही भरत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगराच्या मध्यभागी मुलांची संख्या घटली व अनेक शाळा बंद झाल्या. मेइरिन शाळेच्या वास्तूत २००० मध्ये कलाकेंद्र आणि तात्सुइके शाळेच्या वास्तूत २००६ मध्ये चित्रकथांचे संग्रहालय सुरू झाले. तेथे जाणाऱ्या हजारो परदेशी तरुणांना जपानी चित्रकथांचे आकर्षण असते. ज्या छपराखाली आपण त्या वाचीत आहोत ते छप्पर शेजाऱ्यांच्या वर्गणीतून उभे राहिले, ही गोष्ट थोड्यांच्याच लक्षात येते.

दुसरी गोष्ट गिओन उत्सवाची. यादवीमुळे खंडित झालेला हा उत्सव १५०० मध्ये नगरवासीयांनी पुनः सुरू केला. त्यातील प्रत्येक रथ एका चोचा असतो आणि कित्येक चोंची नावेही रथांवरून पडली आहेत : नागिनाताबोको-चो, कांकोबोको-चो, त्सुकिबोको-चो. १८६४ च्या आगीत नष्ट झालेला नौकारथ २०१४ मध्ये आणि १८२६ नंतर मिरवणुकीत न आलेला ताकायामा रथ १९६ वर्षांनी, २०२२ मध्ये, पुनः मार्गावर आला. रथांची संख्या आता ३४ झाली आहे. रथांवर युरोपीय पडद्यांबरोबर भारतीय गालिचेही आढळतात. त्यांपैकी काही सतराव्या-अठराव्या शतकांत दख्खनमध्ये विणले गेले असावेत, असे या विषयाच्या अभ्यासकांचे मत आहे. दारे बंद करून झोपणाऱ्या चोने आपल्या रथासाठी समुद्रापलीकडचे वस्त्र मोलाने घेतले, ही गोष्ट चोच्या स्वभावाचे दुसरे अंग दाखविते.

आज यांपैकी अनेक चोंमध्ये कचेऱ्यांच्या उंच इमारती आहेत आणि रात्री तेथे राहणारी कुटुंबे थोडी आहेत. रथ ओढण्यास माणसे बाहेरून येतात. त्यांत विद्यार्थी पुष्कळ असतात. म्हणजे ज्या चोने एके काळी परक्याला दाराशी थांबविले, त्याचाच रथ आता परक्यांच्या हातांनी चालतो.

४. टोकियो : अभ्यासाच्या तीन पद्धती

क्योटोत इतिहास नावांतून आणि वास्तूंतून समोर येतो. टोकियोत तशी सोय नाही. १६०३ पासून शोगुनांचे केंद्र असलेले एदो अठराव्या शतकात दहा लक्ष वस्तीचे नगर झाले होते. परंतु १ सप्टेंबर १९२३ चा भूकंप आणि १० मार्च १९४५ चा अग्निवर्षाव यांत त्याचा फार मोठा भाग भस्मसात झाला. त्यानंतरचे बांधकामही थोड्या थोड्या वर्षांनी पाडून नवे करण्याची तेथे रीत आहे. मग अशा नगराचा अभ्यास कशाच्या आधारे करावयाचा? या प्रश्नाला तीन प्रकारची उत्तरे मिळाली आहेत.

पहिले उत्तर प्रत्यक्ष नोंदीचे. भूकंपानंतर कोन वाजिरो आणि योशिदा केन्किची यांनी १९२५ च्या उन्हाळ्यात गिंझा रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वेषाची मोजणी केली. पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश पाश्चात्त्य वेषात होते. स्त्रियांमध्ये तसा वेष शंभरात एखादीचाच होता. ‘आधुनिक युवती’विषयी वर्तमानपत्रांतून त्या काळी जो गवगवा चालला होता त्याला या आकड्याने मोजके उत्तर दिले. पुरातत्त्व जसे गतकालाचे अवशेष तपासते तसे वर्तमानाचे अवशेष तपासणाऱ्या या विद्येला कोन यांनी ‘कोगेन्गाकु’ असे नाव दिले. १९८६ मध्ये आकासेगावा गेन्पेइ, फुजिमोरी तेरुनोबु आदींनी स्थापिलेल्या पथनिरीक्षण मंडळाने हीच परंपरा विनोदाची जोड देऊन पुढे नेली. कोठेही न पोचणारा पण नीट दुरुस्त ठेवलेला जिना अशा वस्तूंच्या नोंदी त्यांनी केल्या. या पद्धतीला वही, पेन्सिल आणि चिकाटी एवढेच भांडवल लागते. भाषा अपुरी असलेल्या नवागत विद्यार्थ्याला ती पहिल्या वर्षापासून अवलंबिता येते.

दुसरे उत्तर भूमीच्या वाचनाचे. वास्तुशास्त्रज्ञ जिन्नाइ हिदेनोबु हे १९७० च्या दशकात शिक्षणासाठी व्हेनिसला गेले. तेथे घरांच्या प्रकारांवरून व भूखंडांच्या आकारांवरून नगराचा इतिहास वाचण्याची पद्धत त्यांनी आत्मसात केली आणि स्वदेशी परतल्यावर ती टोकियोला लावून पाहिली. त्यांच्या १९८५ च्या ग्रंथाने असे दाखविले की, इमारती गेल्या तरी एदोची टेकड्या-दऱ्यांची रचना, कालवे, उमरावांच्या वाड्यांचे विस्तीर्ण भूखंड आणि सखल भागातील कारागिरांच्या अरुंद वस्त्या यांची आखणी आजच्या नगराखाली शाबूत आहे. परदेशात घेतलेल्या शिक्षणाने स्वतःचेच नगर दिसू लागते, याचा हा उत्तम दाखला होय.

तिसरे उत्तर निवासाचे. रॉनल्ड डोर यांनी १९५१ मध्ये टोकियोतील एका वस्तीचा अभ्यास केला आणि १९५८ मध्ये ‘शितायामा-चो’ या कल्पित नावाखाली तो प्रसिद्ध केला. थिओडोर बेस्टर हे १९७९ पासून टोकियोतील दुसऱ्या एका वस्तीत राहिले. ‘मियामोतो-चो’ हे कल्पित नाव दिलेल्या त्या वस्तीवरील त्यांचा ग्रंथ १९८९ चा आहे. बेस्टर यांचा निष्कर्ष विशेष विचारार्ह आहे. नगरातील चो म्हणजे ग्रामजीवनाचा उरलेला अवशेष, अशी सर्वसाधारण समजूत होती. त्यांच्या मते वस्तुस्थिती वेगळी आहे. ती वस्ती फार जुनी नव्हती. तेथील दुकानदारांनी व छोट्या उद्योजकांनी उत्सव, समित्या आणि शिष्टाचार यांच्या द्वारे आपली एकात्मता सतत घडवीत ठेवली होती. ‘परंपरा’ हे त्यांच्या हातातील साधन होते. यावरून अभ्यासकाने घ्यावयाचा धडा असा की, जुने दिसणारे सर्वच जुने मानू नये. ते कोण टिकवितो आणि कोणत्या प्रयोजनाने, हे विचारावे.

येथे नाकाने चिए यांच्या सिद्धान्ताचा उल्लेख उपयुक्त ठरेल. या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९५० च्या दशकात भारतात क्षेत्रकार्य केले होते. १९६७ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी समूह बांधणारी दोन तत्त्वे सांगितली : व्यक्तीचा गुणधर्म आणि व्यक्ती ज्या ठिकाणी आहे ती चौकट. भारतात जातीसारखा गुणधर्म प्रबळ, जपानमध्ये संस्था किंवा स्थान यांची चौकट प्रबळ, असे त्यांचे प्रतिपादन होते. जपानी समाज एकजिनसी आहे असे गृहीत धरल्याबद्दल या सिद्धान्तावर पुढे बरीच टीका झाली आणि ती पुष्कळ अंशी रास्त आहे. तरीही चोपुरता तो प्रकाश टाकतो. चोचे सदस्यत्व वंशाने वा व्यवसायाने येत नाही, तेथे राहिल्याने येते. म्हणूनच तत्त्वतः ते परकीयालाही खुले आहे.

५. आगगाडीचे नगर

चो हा नगराचा एकमेव घटक आहे असे मात्र समजू नये. विसाव्या शतकात त्याच्या जोडीला दुसरा घटक आला : स्थानक. ओसाका भागात कोबायाशी इचिझो यांनी १९१० मध्ये सुरू झालेल्या आपल्या लोहमार्गालगत जमिनी घेऊन मध्यमवर्गासाठी हप्त्यांवर घरे विकली. मार्गाच्या एका टोकाला ताकाराझुका येथे स्नानगृहे व स्त्रियांची नाट्यमंडळी, आणि दुसऱ्या टोकाला उमेदा स्थानकात १९२९ मध्ये बहुविध वस्तूंचे भव्य दुकान, अशी योजना त्यांनी सिद्धीस नेली. सकाळी नोकरदार एका दिशेने जातात, दुपारी व सुटीच्या दिवशी कुटुंबे खरेदीसाठी व करमणुकीसाठी प्रवास करतात. गाडी सहसा रिकामी धावत नाही. टोकियोतील खाजगी लोहमार्गांनी याच धर्तीवर उपनगरे वाढविली. १९२५ मध्ये वर्तुळ पूर्ण झालेल्या यामानोते मार्गावर आज ३० स्थानके आहेत, आणि त्यांपैकी शिंजुकु, शिबुया, इकेबुकुरो ही स्वतंत्र नगरे म्हणावीत अशी झाली आहेत.

विद्यार्थ्याचा दिवस या दोन घटकांत विभागलेला असतो. स्थानकाच्या नगरात तो अनामिक ग्राहक असतो. तेथे त्याला कोणी ओळखत नाही आणि त्याच्याकडून शुल्काखेरीज काही अपेक्षीत नाही. चोमध्ये त्याची दारे, त्याचा कचरा आणि त्याचे येणेजाणे सर्वांच्या दृष्टीस पडते. पहिले नगर आकर्षक व सुलभ आहे. पुष्कळ विद्यार्थी त्याच्यातच वर्षे काढून परत येतात आणि तेच जपानी नगरजीवन म्हणून सांगतात.

६. विद्यार्थी : रहिवासी या नात्याने

परकीय विद्यार्थ्याचा चोशी संबंध कायद्यानेच सुरू होतो. निवासस्थान ठरल्यापासून चौदा दिवसांच्या आत प्रभाग-कचेरीत नोंद करावी लागते. जुलै २०१२ पूर्वी परकीयांची नोंदणी वेगळ्या कायद्याखाली, वेगळ्या दप्तरात होत असे. तेव्हापासून तो कायदा रद्द होऊन परकीय रहिवासी हे जपानी शेजाऱ्यांप्रमाणेच निवासी नोंदवहीत समाविष्ट झाले. हा बदल दप्तराचा असला तरी त्याचा आशय मोठा आहे : ज्याची नोंद ‘परका’ म्हणून होत होती त्याची ती आता ‘रहिवासी’ म्हणून होते. तीन महिन्यांहून अधिक मुक्कामासाठी राष्ट्रीय आरोग्यविमा लागू होतो. अर्थार्जनाची परवानगी घेतल्यास आठवड्यास २८ तासांपर्यंत काम करता येते, आणि दुकानांतील रात्रपाळ्यांत असे विद्यार्थी मोठ्या संख्येने दिसतात.

यापुढील संबंध चोच्या संस्थांशी येतो. कोपऱ्यावरील पोलीस चौकीला ‘कोबान’ म्हणतात. तेथे त्या भागाचा तपशीलवार नकाशा असतो आणि पत्ता विचारण्यासाठी लोक सर्रास तेथे जातात. कचरा ठरलेल्या वारी, ठरलेल्या प्रकारात वेगळा करून ठरलेल्या जागी ठेवावा लागतो आणि ती जागा स्वच्छ ठेवण्याची पाळी शेजाऱ्यांत फिरते. रहिवासी संघाचे सूचनापत्र एका घरातून दुसऱ्या घरी फिरते. नवागताविषयी मत बनते ते बहुधा कचऱ्याच्या जागेवरून. भाषेतील चुका लोक सहज विसरतात, चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी विसरत नाहीत.

या रहिवासी संघाला, म्हणजे ‘चोनाइकाई’ला, निर्मळ लोकसंस्था समजणे मात्र चुकीचे ठरेल. १९४० मध्ये गृहखात्याच्या हुकुमाने देशभर असे संघ रचण्यात आले आणि त्यांच्या पोटी सुमारे दहा घरांचे शेजारगट बांधून शिधावाटपापासून परस्परांवरील देखरेखीपर्यंत सर्व कामे त्यांच्याकडे सोपविण्यात आली. युद्धानंतर १९४७ मध्ये परकीय लष्करी प्रशासनाने त्यांवर बंदी घातली. १९५२ मध्ये जपान पुनः स्वतंत्र झाल्यावर ते बहुतेक ठिकाणी परत उभे राहिले. १९९१ मध्ये स्थानिक स्वराज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन त्यांना मालमत्ता धारण करण्यासाठी कायदेशीर व्यक्तित्व मिळण्याची सोय झाली. शेजाराची मदत आणि शेजाराची पाळत ही एकाच संस्थेची दोन रूपे आहेत, याचा विसर अभ्यासकाला पडता कामा नये.

आज हे संघ क्षीण होत आहेत. सदस्य वृद्ध झाले आहेत, एकट्याने राहणाऱ्यांची घरे वाढली आहेत आणि तरुण भाडेकरू सदस्य होत नाहीत. सार्वजनिक स्नानगृहांची स्थितीही हेच सांगते : १९६८ च्या सुमारास देशात ती अठरा हजारांच्या घरात होती, आता ती दोन हजारांहूनही कमी उरली आहेत. घरोघरी न्हाणीघरे झाली हे त्याचे कारण होय. पण त्याबरोबर शेजारी रोज भेटण्याची एक जागा गेली. भूकंपासारख्या प्रसंगी पहिली मदत शेजाऱ्याचीच होते, म्हणून हा प्रश्न स्मरणरंजनाचा नाही. अनेक वस्त्यांत रिकाम्या होत असलेल्या घरांत परकीय विद्यार्थी आणि कामगार राहावयास येत आहेत. त्यांना शेजारी मानावयाचे की तात्पुरते पाहुणे, आणि त्यांनी स्वतःला काय समजावयाचे, यावर कित्येक चोंचे भवितव्य अवलंबून आहे.

याचे एक उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. टोकियोच्या एदोगावा प्रभागातील निशि-कासाइ भागात एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून भारतीय संगणकतज्ज्ञांची वस्ती वाढली. विद्यार्थी म्हणून प्रथम जपानला गेलेले आणि पुढे जपानी नागरिकत्व स्वीकारलेले महाराष्ट्रीय योगेंद्र पुराणिक हे एप्रिल २०१९ मध्ये एदोगावाच्या प्रभागसभेवर निवडून आले. नोंदवहीतील रहिवासी ते प्रभागाचा प्रतिनिधी हे अंतर कापता येते, एवढे त्यावरून सिद्ध होते. ते सर्वांना सुलभ आहे असे मात्र सिद्ध होत नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून परदेशी अध्ययनाला उपयोगी अशा काही गोष्टी निष्पन्न होतात. जपानी नगर रस्त्यांच्या जाळ्यातून वाचण्यापेक्षा क्षेत्रांच्या पोटातील क्षेत्रे म्हणून वाचावे. पत्ता हा केवळ टपालाचा विषय न मानता इतिहासाचा कागद मानावा. नवागताने प्रथम मोजणी आणि रेखाटन करावे, मग जुन्या नकाशाशी भूमी ताडून पाहावी, आणि भाषा हाती आल्यावर माणसांना प्रश्न विचारावेत. कोन, जिन्नाइ आणि बेस्टर यांच्या पद्धती याच क्रमाने साध्य होण्यासारख्या आहेत. परंपरा दिसेल तेथे ती टिकविणारे हात शोधावेत. आणि प्रतिशब्दांबाबत अंजिरोचे उदाहरण स्मरणात ठेवावे : ‘चो’ म्हणजे पेठ नव्हे, आळीही नव्हे; त्याचा अर्थ त्याच्या कामांच्या यादीतूनच कळतो.

या यादीतील पुष्कळ कामे विद्यार्थ्याच्या वाट्यालाही येतात. कचऱ्याच्या जागेची पाळी, सूचनापत्र शेजारच्या घरी पोचविणे, भूकंपाच्या कवायतीला हजर राहणे, उत्सवात दोर धरणे, ही कामे अभ्यासाच्या वेळातून वेळ घेतात, असे वाटणे शक्य आहे. वस्तुतः ज्या नगराचा अभ्यास करावयाचा ते याच कामांतून रोज घडत असते. त्यात भाग घेणाऱ्याला ग्रंथालयात न मिळणारी सामग्री मिळते. आणि ज्या वस्तीत माणसे कमी पडत आहेत त्या वस्तीला, तो तेथे राहील तितकी वर्षे, एक रहिवासी मिळतो.